काळी बाजू

रोल्ला, शारजा. दुपारी एसी नुसता गुरगुरतो.
फुंगबाईंनी काउंटरवर सदरा ठेवला,
बाहेरून काळा, उलटला की तांबूस,
काताने रंगलेल्या जिभेसारखा.

"रेशीम," म्हणाल्या. मला पटेना.
हाताला कागद, कानाला सुकी पानं.

मग मोबाईलवर जुना फोटो: वडील उकिडवे,
कोनफळासारख्या कुठल्याशा कंदाच्या रसात ठाण बुडवतायत.
रस, गवतावरचं ऊन, पुन्हा रस,
तीसेक वेळा. शेवटी नदीचा चिखल,
तोही पहाटेच, ऊन लागायच्या आत.
चिखल धुतला की काळं तेवढं मागे राहतं.

साबण नको. मशीन नको. इस्त्री तर नकोच.
मग बाई, माझ्याकडे कशाला?

मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
कॉलरला त्यांचा घाम आहे.
मला धुववत नाही.

इथे नळाला समुद्र येतो, मीठ काढलेला.
नदी त्याने पाहिलेलीच नाही.

सातशे बारा नंबरची चिठ्ठी
टाचणी न मारता खिशात सरकवली,
बादली भरली, बाह्या वर केल्या,
आणि बराच वेळ
सदरा मांडीवर ठेवून
पाण्यात नुसते हात घालून बसलो.