न फवारलेला वेल

छाटणी उरकून बागायतदारांचा दौरा निघाला,
बावीस माणसं, बावीस डबे,
दशम्या, दाण्याची चटणी, रविवार कारंज्यावरचा चिवडा.
समुद्राच्या कडेला तीनशे उंबऱ्यांचं गाव.
नाव अजून माझ्या जिभेवर नीट बसत नाही.
घरं चुन्याची पांढरी, दारं निळी,
मोरचुदासारखी निळी.
दामूअण्णा पिंगळे म्हणाले,
"दारांनाही बोर्डो मारलाय वाटतं,"
आणि दोन दिवस तोच विनोद पुरला.

धक्क्यावर दोरीला आठ पायांचे जीव वाळत होते,
आपल्याकडे पायजमे वाळतात तसे.
ते पाहून मंडळी परतली
डबे उघडायला.
मी मागे राहिले.
पाय दुखत होते, कारण एवढंच.

कलिओपी नावाची बाई. माझ्याच वयाची,
गुडघे धरून उठणारी.
तिनं स्टूल सरकवलं.
भाषा नव्हती, बोटं होती.
समोर ताटली ठेवली,
त्यात करंगळीएवढ्या हिरव्या गुंडाळ्या,
आणि माझा हात थांबला.

पान ओळखलं मी.

अडतीस वर्षं हे पान बघतेय,
वरून, उलटं करून, उन्हाकडे धरून.
भुरी आली का, डावणी आला का.
देठ तोडून तपासणीला पाठवलंय,
विरळणीत पाट्या भरभरून बांधावर ओतलंय,
शेळ्यांनी खाल्लंय.
मी कधी चावलं नव्हतं.

आंबूस. आत भात, लिंबू, पुदिना
आणि
थांबा,
शेपू!
ज्याच्या वासानं घरातली पोरं पानावरून उठतात
तो इथं समुद्राकाठी
जावयासारखा बसलेला.
मी म्हटलं, "शेपू."
तिनं काहीतरी वेगळंच म्हटलं.
दोघींनी माना डोलावल्या.
मग जाड कवचाचा पाव, हिरवट तेल,
आणि खारवलेला बोटभर मासा.
माशाचं घरी कुणाला सांगितलं नव्हतं.
आता सांगितलं.

मोहाडीला आले तेव्हा
काड्यांवर तळहाताएवढी कोवळी पानं लागलेली.
पाटी घेऊन निघाले तर वृषाली ओट्यावरून म्हणाली,
"आई, परवाच फवारलंय. खायचं नाही काही."
खरं होतं तिचं.
मण्यांचं प्रमाणपत्र येतं, शिक्क्यासकट.
पानाबद्दल आजवर कुणी विचारलंच नव्हतं,
मीसुद्धा.

विहिरीकडच्या ओळीतला शेवटचा वेल
मी मागून घेतला.
जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली
आणि संपतला बजावलं,
ट्रॅक्टर इथं आला की ब्लोअर बंद.
"काकू, रोग इथूनच शिरेल बागेत."
शिरू दे, म्हटलं. मग रात्री झोप लागली नाही,
दोनदा बॅटरी घेऊन वेल बघून आले.

निम्मी पानं किड्यांनी आधी खाल्ली.
त्यांनाही कळलं असणार, ही स्वच्छ आहेत.
उरली चाळीस-बेचाळीस.
मिठाच्या पाण्यात उकळली,
इंद्रायणी घातला, तो चिकट झाला,
गुंडाळ्या काही सुटल्या, काही करपल्या.
ते तेल नव्हतं. घाण्याचं शेंगदाण्याचं घेतलं.
हे म्हणाले, "अळूवडीच की. जरा गरिबाघरची."
आणि सहा खाल्ल्या.

समुद्र नाही आमच्याकडे.
वाघाडचं पाणी आहे, या दिवसांत तळाला गेलेलं,
त्याच्यावरून वारा येतो तो धूळ घेऊन येतो.
तरी मी स्टूल बाहेर काढलं,
ताटली मांडीवर घेऊन बसले,
गुडघे धरून.

नातू आला, दोन उचलल्या, तिसरी मागितली.
"आजी, यात काय आहे गं?"
भात, म्हटलं. पुदिना. लिंबू.

शेपूचं नाव काढलं नाही.