नव्वदाच्या पुढे

ओल्झा नदीवरचा पूल ओलांडायला
हेर्मीनामावशीला चार मिनिटं लागतात,
पिशवी जड असली तर सहा.
पलीकडे पोलिश, अलीकडे चेक.
पाणी तेच, बदकंही तीच,
पण काटकोनाच्या पुढे सरकलेल्या कोनाला
अलीकडच्या शाळेत म्हणतात तुपी.
मला ऐकताना तूप आठवतं,
अर्थ मात्र बोथट.
हाच शब्द धार गेलेल्या सुरीला,
आणि हाच परवा मास्तरांनी लिहिला
एव्झेनच्या वहीत, भूमितीच्या पानाखाली.
कोनाबद्दल नव्हे.

पोरगं जेवलं नाही.

बाप, रुडोल्फ हेच्को, छपरं घालतो.
आढ्यावर दोन उतार भेटतात तो कोन
अंगठ्यानं ओळखतो, नाव न घेता.
व्हिएन्नात सात वर्षं कौलं चढवली त्यानं;
तिथं म्हणायचे श्टुम्प्फ,
तोडलेल्या झाडाचा बुंधाही श्टुम्प्फच.
जोडीदार लायोश हंगेरीचा, तो म्हणायचा तोंपा,
आणि आपल्या गुडघ्याच्या दुखण्यालाही तोंपा:
ठणकत नाही, पण जातही नाही.
एका इटालियन गवंड्यानं तर ओत्तूझो म्हणून
स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारली होती.
"सगळीकडे तेच रे," रुडोल्फ म्हणाला,
"जाशील तिथं त्याला मठ्ठच म्हणतात.
म्हणून काय छप्पर गळतं?"

हे सांत्वन होतं.
एव्झेननं ताट आणखी लांब सारलं.

मावशी बटाटे सोलत होती.
"आमच्याकडे रॉझ्वार्ती," ती म्हणाली.
"म्हणजे कसा?"
तिनं ओले हात एप्रनला पुसले,
उठून स्वयंपाकघराचं दार ढकललं,
काटकोनापर्यंत,
मग त्याच्याही पुढे,
भिंतीच्या थोडं अलीकडे थांबवलं.
"असा. उघडलेला."

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा मी
गरम पाणी मागायला उतरलो होतो,
किटली हातात घेऊन उभा.
माझ्याही शाळेत एक नाव होतं त्याला,
विशाल,
खडूनं लिहिलेलं, डस्टरनं पुसलेलं;
परीक्षेपुरतं पाठ केलं,
त्याच्या आत कधी गेलो नाही.
जिभेवर आलं होतं.
पण दार मावशीनं उघडलं होतं.

फेब्रुवारीचा वारा थेट चुलीपर्यंत आला.
"लाव ते," रुडोल्फ ओरडला,
"कोळसा काय नदीत सापडतो?"
एव्झेन उठला.
कंपासपेटीतला कोनमापक घेऊन
बिजागरीपाशी वाकला, एक डोळा मिटून.
"एकशे अठरा," म्हणाला,
आणि दार
आणखी थोडं ढकललं.