बेल्मिरोचे गुडघे

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
इथली गादी संपलीय, हाडावर हाड घासतंय.
बेल्मिरो म्हणाला,
दोन दगडांमध्ये आम्ही वाळू भरतो.
त्या हसल्या. मी नाही.

चाळीस वर्षं सेतुबालच्या फुटपाथांवर
हा माणूस गुडघ्यांवरच चालला.
पांढरी चुनखडी, काळा बसाल्ट,
तळहातावर फिरवून एक टोला, की खडा जागेवर.
मुकादमापुढे मात्र गुडघे टेकले नाहीत.
संपाच्या तीन महिन्यांत
घरचं सूप पातळ होत होत पाणी झालं,
तरी नाही.

आता डावा धातूचा.
जिना चढतो, रात्री झोप लागते,
थंडी पडली की उजवाच तेवढा कुरकुरतो.
फक्त टेकायचा नाही म्हणे. कधीच.
चर्चमध्ये तो तसाही दाराशी उभा असायचा.

काल मासळीबाजारासमोर अचानक थांबला.
त्यानेच बसवलेली लाट,
तिच्या शेंड्याचा एक काळा खडा निसटलेला.
कुबडीने दाखवत राहिला, बोलला नाही.

मग पिशवी खाली ठेवून मीच बसले.
माझ्या गुडघ्यांनी केवढा आवाज केला!
"फिरव," तो वरून म्हणाला, "अजून थोडा.
चपटी बाजू तुझ्याकडे. हं. ठोक."
हातोडी कुठली? सार्डिनचा डबा होता.

बसला खडा.
मला मात्र उठता येईना.
त्याने हात पुढे केला, तर कुबडी घसरली,
आणि ओदेत मासळीवाली बर्फातून हात काढत ओरडली,
हलू नका दोघं,
आले मी.