कर्ण

पदवी हातात पडेपर्यंत
चौक मधून ओलांडायचा नाही,
असं बेनेदेत्तानं पहिल्याच आठवड्यात बजावलं.
तिच्या थोरल्या भावानं उशीर झाला म्हणून
एकदा तिरका कापला होता,
त्याचा कायद्याचा अभ्यास अजून चाललाय.
मध्यंतरी दोन मुली झाल्या.

म्हणून मी कडेकडेनं जाते.
बोलोन्यात कडा पुष्कळ.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानींची ओसरी,
संपतच नाही,
कुणाच्या घरची ते कळत नाही,
चपला काढाव्यात की काय, असं वाटत राहतं.

बुधवारी चारनंतर तास नसतो.
काचेमागे तीन बायका कणीक लाटत असतात.
लाटणं माझ्या हाताएवढं, पोळी टेबलाएवढी,
आणि मग तिचेच नखाएवढे चौकोन कापून
बोटाभोवती वळवतात.
आईला फोटो पाठवला.
आईचं उत्तर : भाजत नाहीत?

भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला.
मी मनात शंभरानं गुणते
आणि दाराची मूठ सोडून देते.

सिन्योर तावोलाज्जींच्या दुकानात मात्र शिरले.
खिळे, कड्या, फनेल, उंदराचे सापळे,
आणि मागच्या फळीवर वाट्या.
सहाचा संच? त्यांनी विचारलं.
एक, मी म्हटलं.
त्यांनी एका वाटीला सहा वाट्यांचा कागद गुंडाळला.
खोलीवर येऊन सवयीनं ती उलटी केली.
खाली नाव नव्हतं.

मिरजेला आमच्या दुकानात
बाबा भांड्यांवर नावं घालतात.
टर्रर्र, थांब, टर्रर्र.
लग्नसराईत मी चिठ्ठी वाचायची, ते कोरायचे.
‘सप्रेम’मधला स कायम डावीकडे कलंडलेला,
गावातल्या निम्म्या तांब्यांवर तो तसाच आहे.

पहिल्या रविवारी चित्रांची दालनं फुकट.
एक अख्खी खोली एकाच माणसाची,
त्यानं बाटल्या काढल्या.
बाटल्या, एक डबा, एक सुरई,
पुढच्या भिंतीवर पुन्हा त्याच,
फक्त सुरई बोटभर सरकलेली.
पिठाचे रंग, राखेचे रंग,
एकीची कड दुसरीला लागते न लागते तोच संपलेली.

खुर्चीवरची राखणदार बाई म्हणाली,
या खोलीतून लोक भरभर जातात.
तू बरी थांबलीस.

मला सांगायचं होतं, की दुकान उघडलं
की बाबा एकेक भांडं फडक्यानं पुसून परत ठेवतात,
एखाद्याची जागा बदलतात,
दोन पावलं मागे येतात
आणि बघत राहतात.
मला वाटायचं, मोजतायत.

पण माझ्या इटालियनमध्ये एवढंच निघालं :
माझे वडील. फळी. भांडी. रोज.
चित्रकार? तिनं विचारलं.
मी थोडी थांबले,
आणि हो म्हणाले.

संध्याकाळी चौकाला लागून असलेल्या त्या कमानीखाली गेले.
चार कोपरे आहेत तिथं.
भिंतीला तोंड लावून पुटपुटलं
तर समोरच्या तिरक्या कोपऱ्यात ऐकू जातं,
मधल्या गर्दीला पत्ता लागत नाही.
याला दोघं लागतात.
मी एकटीच, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी.
काय बोलावं सुचेना, तर म्हटलं :
चि. ऋजुता रमाकांत तांबट हिस
सप्रेम भेट.

दगडातून एक म्हातारा आवाज आला,
आधी खोकला, मग :
‘की ए?’

म्हणजे, कोण आहे.
माझ्या कानानं ते उलटं ऐकलं :
ये की.

वळून पाहिलं.
मधून एक बाबागाडी चालली होती,
कुणी सायकल ढकलत होतं,
आणि पलीकडे पाठमोरे एक आजोबा,
पिशवीतून सेलरीची पानं बाहेर आलेली,
टोपी हातात,
कान भिंतीला लावून वाट बघत.

कडेकडेनं गेले असते तर
तोवर ते निघून गेले असते.

मी पुन्हा कोपऱ्याकडे तोंड केलं
आणि हळू, ऋ सुटा करून,
फक्त नाव सांगितलं.