आवाज येत नाहीये

रसायनशास्त्राच्या खोलीतच सिग्नल येतो,
तोही आम्लांच्या कपाटाला खेटून बसलं तर.
म्हणून मी तिथे, कोट न काढता,
आत-बाशीची एकुलती एक शालेय मानसतज्ज्ञ,
आठवड्यातले तीन दिवस. उरलेले दोन मी भूगोल शिकवते.
लॅपटॉपखाली दोन जाड हजेरीपटं,
नाहीतर कॅमेऱ्यात नुसती हनुवटी दिसते.

पडद्यावर दोनशे चौदा चौकटी.
कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे खोटा समुद्र.
उद्घाटन झालं. आभार झाले. पुन्हा आभार झाले.
दुभाषी बाई सगळं रशियनमध्ये सांगते,
अर्ध्या वाक्याने मागे,
लंगडं मेंढरू कळपामागून यावं तशी.

शेगडीजवळ बेकतुर बसलाय.
आठ वर्षांचा. इयत्ता दुसरी.
ऑक्टोबरात त्याची आई नोवोसिबिर्स्कला गेली,
गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावायला,
तेव्हापासून शाळेत अळीमिळी गुपचिळी.
हजेरीला हात वर करतो.
गुडघा फुटला तरी ब्र काढला नाही.
आजोबा म्हणतात, घरी मेंढ्यांशी बोलतो की.
वर्गशिक्षिका म्हणतात, हट्टी आहे.
माझ्या वहीत चार महिने 'प्रगती नाही', 'प्रगती नाही',
आणि एकदा, 'आज त्याने माझ्या पेन्सिलीला टोक काढून दिलं'.
त्याला इथे ये असं मी सांगितलेलं नाही.
या खोलीला कोळसा जास्त मिळतो, एवढंच.

तिसरं सत्र. डॉक्टर फेन्ना हूकस्त्रा, उत्रेख्त.
विषय: न बोलणारी मुलं.
मी पेन उघडलं.
आलेख आला, निळा स्तंभ, केशरी स्तंभ.
डॉक्टरीणबाईंचे ओठ हलू लागले,
भुवया वर गेल्या,
आणि काहीच नाही.
दुभाषी बाईही गप्प.
बाजूच्या पट्टीत भराभर ओळी पडल्या, पाच भाषांत,
सगळ्यांचा अर्थ एकच.
बाई मात्र तल्लीन,
कुठल्याशा मुलाबद्दल सांगत असाव्यात,
तळहात खाली नेऊन उंची दाखवत होत्या, एवढासा.

तेव्हा माझ्या पाठीमागून,
घसा न खाकरता,
रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेल्या सुरात:

"आवाज येत नाहीये.
खालचं ते लाल दाब.
आता बोल. आता बोल ना.
मी आहे इथे."

किर्गिझमध्ये. जरा घोगरं.
आणि उत्रेख्तच्या डॉक्टरांना चक्क एकेरीत.

मी वळले नाही.
वळायचं नसतं, हे प्रशिक्षणातलं एवढं एक आठवलं,
किंवा आठवलं नसेल, मान आखडली असेल.
पेन कागदावर टेकलेलंच राहिलं, डाग पसरत गेला.
रविवारी, आजोबांचा फोन हातात धरून,
गोठ्याच्या छपरावर, जिथे दोन कांड्या येतात,
तो काय बोलत असेल,
हे मी चार महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

पडद्याकडे बघतच मी म्हटलं,
"लाल कुठलं? मला दिसत नाही बाबा."
लोकरी बूट जवळ आले.
राखेने माखलेलं एक बोट
खांद्यावरून पुढे आलं आणि काचेवर टेकलं,
डॉक्टरीणबाईंच्या गळ्याच्या जरा खाली.
"हे."

तिकडे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.
आवाज आला. त्या हसल्या, माफी मागितली,
म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करते.
बेकतुर शेगडीपाशी परतला होता.

शेवटी अभिप्रायाचा अर्ज आला.
या सत्रातून तुम्हाला काय मिळालं? एक ते पाच.
रकाना मी बराच वेळ रिकामा ठेवला.
मग विचारलं, चहात मीठ किती चिमटी?
त्याने दोन बोटं दाखवली.
दोन तर दोन.