मोरबा

धरणगावच्या जिनात मशिनं बसवायला
फ्रान्सचा मोर्वां आला,
आठवड्यात मोरबा झाला.
बामणोदच्या वांग्याचं भरीत खाताना डोळे भरायचे,
म्हणायचा, मिरची.

लढाईत सात विमानं पाडलेली त्यानं.
सुपडूनं विचारलं,
आठवं काब्र नई पाडं?

तेलाचे हात चिंधीला पुसत राहिला.
मग कपाशीच्या गाडीतलं एक बोंड उचललं,
अर्धं उकललेलं.

पाडलं. त्यातून हे असं उघडलं
त्याचं पॅराशूट.
पोरगाच होता.
पाय टेकेपर्यंत मी घिरट्या घातल्या,
आपल्यातलं कुणी गोळी घालू नये म्हणून.
पेट्रोल जाळलं, पगार कापला.
आठवं मांडलंच नाही वहीत.

मंग तो आते कोठे शे?

भोंगा झाला.
पट्टा सुरू होण्याआधी
मोरबानं बोंड खिशात टाकलं.