खिडकी बंद

वेर्णाच्या पठारावर आमची औषधांची कंपनी.
तिमाही संपली की मीच सगळ्यांना कळवते:
आजपासून खिडकी बंद,
कुणी शेअरला हात लावायचा नाही.
माझ्या टेबलाशेजारची खरी खिडकी उघडीच असते,
खाली कुणी बाई बोंडू वेचत असते.

निकाल लागतो. खिडकी उघडते.
कुंडईकरसाहेबांचा फॉर्म येतो: किती, कधी, काय भावाने.
का, याला रकाना नाही.

घरी सासरे विचारतात, "तो कित्याक विकता गो?"
ठाऊक नाही म्हणते.
(ठाऊक असतं तरी हेच म्हटलं असतं.)
धाकटीची लिस्बनची फी असेल,
दोनापावलाचा फ्लॅट असेल,
नाहीतर तिसऱ्या युनिटमधलं ते,
जे निघालं की लिफ्टमध्ये सगळे मजले मोजू लागतात.

मागे त्यांनी दोनशे घेतले
तर पेपरात फोटो. मालकाचा विश्वास, वगैरे.
ज्याच्यापाशी चाळीस लाख, त्याचे दोनशे
म्हणजे लग्नाच्या हुमणात मिठाचा खडा.
फॉर्म वाचायचा तर आधी कढई बघावी,
हे मला सहा वर्षांनी कळलं.

काल सेबास्त्यांव आला, टाक्या धुणारा.
पंचविसाव्या वर्षी कंपनीने दिलेले
दहा शेअर त्याने विकले होते,
पैसे कधी जमा होतात एवढंच विचारायला आला.
दहा शेअरांना फॉर्म लागत नाही.
हात अजून ओले होते त्याचे.

मी का विचारलं नाही.
उठून खिडकी लावली,
म्हटलं, वास येतोय.